थंडीत अडणारी डिझेल गाडी: हीटर प्लग बदलल्यावर वर्षभराचा अनुभव

मागच्या हिवाळ्यात, डिसेंबरात गाडीचे चारही हीटर प्लग (गार इंजिनात डिझेल पेटावं म्हणून सिलिंडरची आतली बाजू तापवणारे) बदलले. मधे उन्हाळा, पावसाळा झाला आणि आता दुसरी थंडीही सरत आली, तेव्हा खात्रीने लिहिता येईल असं वाटतं. गाडी जुनी, लाखाच्या वर चाललेली, चार सिलिंडरचं कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) डिझेल इंजिन. घर नागपुरात काटोल रोडला, गाडी रात्रभर उघड्यावर. गोरेवाड्याच्या बाजूचा गारठा शहराच्या मध्यातल्या बर्डीपेक्षा जरा जास्तच लागतो.

तक्रार अशी होती: सकाळी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जोरात फिरायचा, पण इंजिन धरायचं नाही. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर एकदाचं धरलं की गाडी थरथरायची, मागून पांढरा धूर निघायचा आणि डोळ्यांना झोंबणारा कच्च्या डिझेलचा वास यायचा. मिनिटभरात सगळं सुरळीत. दुपारी मात्र चावी फिरवली की चालू.

सल्ले खूप मिळाले. सगळ्यात जास्त ऐकलं ते ‘थंडीत डिझेल जमतं’ हे. नागपुरात हे कारण जवळपास सोडूनच द्या. डिझेलच्या आयएस 1460 या भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून नीट जायला हवं. आपल्याकडे पारा 29 डिसेंबर 2018 ला 3.5 पर्यंत उतरला होता, पण तशी रात्र क्वचितच. एरवीची थंडी आठ-दहा, बारा अंशांची. शिवाय डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदला असता तर चालू झाल्यावरही गाडीने ओढ घेतली नसती. माझी तर नंतर मस्त पळायची.

एका गॅरेजमध्ये तर धूर न बघताच चारही नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) उतरवायला सांगितलं. खर्चाचा आकडा मोठा होता. मी गाडी परत आणली आणि ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना सकाळी घरीच बोलावलं. त्यांनी एकदा सेल्फ मारायला लावला, मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “धूर पाहा ना भाऊ. डिझेल येऊन राहिलं, जळून नाही राहिलं. हीटर गेले हिचे.”

सगळ्या तपासणीचा पाया हाच. सेल्फ फिरतोय आणि पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेट घेत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, मग हीटर बदलून काही होणार नाही. आणि सेल्फच मरगळून फिरत असेल तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो, हवा दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटवायचं. इंजिनाचं धातू गार असलं की ती उष्णता भिंतीच शोषून घेतात. म्हणून हीटर प्लगचं टोक काही सेकंदांत 800-900 अंशांच्या पुढे तापवलं जातं.

डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझला म्हणजे हीटर तापले, असं बरेच जण धरून चालतात. बहुतेक गाड्यांत तो दिवा इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान बघून ठरावीक वेळाने विझवतो. एखादा प्लग मेला तरी तो तसाच पेटतो, तसाच विझतो. खरी तपासणी मल्टिमीटरने. प्लगची वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिनाची बॉडी यांमधला रोध मोजायचा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. माझ्या दोन प्लगमध्ये प्रवाहच जात नव्हता. बॅटरीला थेट जोडून ‘लाल होतो का’ हे बघण्याची जुनी पद्धत नव्या गाड्यांना करू नका. त्यांतले बरेच प्लग 12 व्होल्टपेक्षा कमीवर चालणारे असतात, थेट जोडले की जळतात. प्लगपर्यंत करंट येतोय का, हे गार इंजिनावरच बघा, कारण गरम इंजिनात कंट्रोल युनिट करंट सोडतच नाही. स्कॅनर असेल तर पहाटे कूलंटचं तापमानही वाचा. बाहेर दहा अंश असताना सेन्सर साठ दाखवत असेल तर दोष त्याचा, प्लगचा नाही.

माझं ठाम मत असं की नागपुरात थंडीतला हा बिघाड उन्हाळ्यातच तयार होतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढेही जातो. तेव्हा दोन हीटर मेलेले असले तरी इंजिन कुरकुर न करता चालू होतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच उन्हात बॅटरी आतून झिजते आणि डिझेलच्या नळ्यांचं रबर कडक होतं. डिसेंबरात ते सगळं एकदम समोर येतं.

चारही प्लग एकत्रच बदलले. दोन गेले म्हणजे बाकीचे दोन त्याच वयाचे. पार्ट नंबर जुळवून घेतले. बॉश, एनजीके अशा कंपन्या हे बनवतात, पण आपल्या इंजिनाचा नंबर आणि व्होल्ट महत्त्वाचे. मजुरीसकट खर्च पाच हजारांच्या आत राहिला. काढताना मात्र घाई नको. मिस्त्रींनी आदल्या दिवशी गंजावर तेल सोडलं, इंजिन कोमट केलं आणि मग पाना हळूहळू फिरवला. प्लग आत तुटला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते.

फरक दुसऱ्याच सकाळी दिसला. दिवा विझला, चावी फिरवली, गाडी चालू. धूर जवळपास नाही, सुरुवातीचा खडखडाटही कमी, कारण इंजिन चालू झाल्यावरही प्लग थोडा वेळ तापत राहतात.

त्याच थंडीत, जानेवारीत मात्र एकदा पुन्हा अडली. या वेळी धूर अजिबात नव्हता, म्हणून हीटरकडे गेलोच नाही. फिल्टरवरचा हातपंप दाबला तर तो आधी पोकळ लागला, मग कडक झाला, आणि गाडी लगेच चालू झाली. म्हणजे एअर धरत होती. फिल्टरची रबरी रिंग कडक झाली होती, तिथून हवा शिरून रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरत होतं. रिंग आणि दोन क्लिपा बदलल्या. तेवढ्यावर भागलं, आणि आता ही दुसरी थंडीही विनातक्रार गेली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. एअर इनटेकमध्ये मारायचा ईथरचा स्टार्टिंग स्प्रे हीटर प्लग असलेल्या इंजिनाला वापरू नका. तापलेल्या टोकावर ती वाफ वेळेआधीच भडकते, पिस्टनचं आणि माणसाचंही नुकसान होऊ शकतं. मुलगा शेजारी उभा असताना एकाने हा प्रयोग सुचवला होता, मी तिथेच थांबवला.

बॅटरी अजून जुनीच आहे. रात्रभर उभी राहिल्यावर 12.5 व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना 10 च्या खाली जात नाही, म्हणून बदललेली नाही. पण हा उन्हाळाही तिला काढायचा आहे, तेव्हा दिवाळीच्या आधी तिची लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करून घेणार आहे आणि त्याच दिवशी चारही प्लगचा रोध पुन्हा मोजणार आहे.