स्वस्त पंप ॲक्शन बारा बोअर आणि महागडी मॉडेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

कमी किमतीची पंप ॲक्शन शॉटगन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची छर्ऱ्यांची बंदूक) भरवशाची असते का? काही महिने कमी आणि जास्त किमतीच्या गन सारख्याच काडतुसांवर वापरल्यावर आमचं मत पक्कं झालं आहे: यंत्रणा भरवशाची असते, चेंबरचं (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) फिनिश तितकं नसतं. बाकीचा फरक दोन-तीन लहान भागांपुरता उरतो, आणि त्यातला बराचसा थोड्या कामाने मिटतो.

मजबुतीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. रेमिंग्टन 870 चा रिसीव्हर (यंत्रणा सामावणारी पेटी) अखंड स्टीलमधून कोरलेला असतो आणि मॉसबर्ग 500 चा ॲल्युमिनियमचा, म्हणून दुसरी गन कच्ची असं धरलं जातं. प्रत्यक्षात दोन्हींत बोल्टचा (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) लॉकिंग ब्लॉक नळीच्याच मागच्या स्टीलच्या भागात, म्हणजे बॅरल एक्स्टेन्शनमध्ये अडकतो. बार होताना दाब सोसतात ते नळी आणि बोल्ट. रिसीव्हरवर तो भार येत नाही. दोन्हींत फोरएंडपासून (हाताने ओढायची पुढची मूठ) मागे दोन ॲक्शन बार, म्हणजे पट्ट्या, जातात, त्यामुळे बोल्ट तिरका ओढला जात नाही. मॉसबर्गच्याच घरातली स्वस्त मॅव्हरिक 88 हीच रचना वापरते. तिच्यात सेफ्टी रिसीव्हरच्या मागच्या टोकावर नसून ट्रिगर गार्डमध्ये आडव्या बटणाची आहे, म्हणून ट्रिगरचा संच 500 शी अदलाबदल करता येत नाही. फोरएंडही ॲक्शन बारच्या नळीलाच पक्का असतो, बदलायचा तर पूर्ण जोड बदलावा लागतो. बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर (रिकामी खोळ चेंबरमधून ओढणारा आकडा), इजेक्टर (ती बाहेर उडवणारा भाग) हे मात्र चालतात. मॅगझिनची (काडतुसं साठवायची नळी) क्षमता सारखी असेल तर नळीही चालते.

आता खरी दुखणी. सगळ्यात जास्त त्रास देतं ते रिकामं काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसणं. स्वस्त काडतुसाचं बूड बऱ्याचदा पितळी मुलाम्याच्या स्टीलचं असतं. बार झाल्यावर ते फुगतं आणि पितळेइतकं परत आकसत नाही. चेंबरमध्ये रीमरच्या (भोक कोरायचं हत्यार) खरखरीत रेषा राहिल्या असतील तर ते तिथेच धरून बसतं. फोरएंड मागे येत नाही, किंवा जोर लावल्यावर एक्स्ट्रॅक्टर काठावरून घसरतो आणि खोळ आतच राहते. 870 च्या एक्स्प्रेस आवृत्तीबद्दल ही तक्रार जुनी आणि सर्वज्ञात आहे. विंगमास्टरमध्ये, म्हणजे 870 च्याच महागड्या आवृत्तीत, ती क्वचित ऐकू येते, कारण तिथे घासकाम जास्त झालेलं असतं. जास्तीची किंमत कशाची, याचं इतकं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्या भागात मिळत नाही.

उपाय सोपा आहे, घाईचा नाही. गन रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, चेंबर व मॅगझिन दोन्हीकडे तपासा. नळी गनपासून वेगळी काढा. गजाच्या तुकड्यावर बारा बोअरचा ब्रश चढवा, त्यावर 0000 नंबरचं स्टील वूल गुंडाळा, तेलात भिजवा आणि ड्रिलला लावून मंद वेगाने फक्त चेंबरमध्ये फिरवा. पुढच्या निमुळत्या भागात जाऊ नका. अर्ध्या मिनिटाने थांबा, पुसा, उजेडात बघा. काम खरखर घालवण्याचं आहे, धातू काढण्याचं नाही, म्हणून पॉलिश पेपर किंवा व्हॉल्व्ह पेस्ट इथे वापरू नये. शेवटी चेंबर पूर्ण कोरडा पुसायचा. आत तेलाचा थर राहिला तर त्यावर धूळ आणि जळकट प्लास्टिक चिकटून पुन्हा तोच त्रास सुरू होतो. हे झाल्यावर स्वस्त काडतुसंही सुटी पडतात. तरीही न सुटणारी गन एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग मागते आहे असं समजा. मॉसबर्गच्या रचनेत दोन एक्स्ट्रॅक्टर आहेत, 870 मध्ये एक. घट्ट काडतूस ओढताना हा फरक हाताला जाणवतो.

दुसरं कारण गनमध्ये नाही, हातात आहे. फोरएंड अर्धवट ओढला की दोन प्रकार होतात. रिकामी खोळ बाहेर पडायच्या खिडकीत लटकते, किंवा खोळ बाहेर पडते पण मॅगझिनमधलं पुढचं काडतूस सुटतच नाही आणि चाप ओढल्यावर नुसती टिकटिक होते. मॅगझिनमधून काडतूस सुटतं ते मागच्या फेरीच्या अगदी शेवटी, म्हणून मागे आदळेपर्यंत ओढायचं आणि तितक्याच जोराने पुढे नेऊन लॉक करायचं. नवी स्वस्त गन खरखरीत चालते, त्यामुळे नवखा माणूस हात आखडता घेतो. अशा टिकटिकीनंतर लगेच ॲक्शन उघडू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबावं, चेंबरमध्ये काडतूस असेल तर ते उशिरा पेटू शकतं.

शेल स्टॉपकडे लोक लक्ष देत नाहीत. मॅगझिनमधलं काडतूस एका वेळी एकच सोडणं हे त्यांचं काम. 870 मध्ये हे भाग रिसीव्हरला ठोकून बसवलेले असतात. ते सैल झाले तर पुन्हा ठोकायला खास हत्यार लागतं, घरी जमत नाही. मॉसबर्ग आणि मॅव्हरिकमध्ये ते सुटे असतात, ट्रिगरचा संच त्यांना जागेवर धरतो. बदलायला सोपे, पण ट्रिगर काढताच खाली पडतात आणि चुकीच्या बाजूला बसवले तर मॅगझिन भरताच काडतूस परत बाहेर येतं. उघडण्याआधी फोटो काढून ठेवा. मॉसबर्गचा इजेक्टर एका स्क्रूवर असतो. तो ढिला झाला की खोळ कधी उडते, कधी नाही. स्क्रूवर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब पुरतो. 870 चा इजेक्टर रिव्हेटने जोडलेला असल्याने तिथे कारागिराकडेच जावं लागतं. महागडी गन दुरुस्तीला सोपी असतेच असं नाही.

फोरएंडची खडखड मॉसबर्गच्या सगळ्या किमतींत आहे, ती दोष नाही. नळीचा स्क्रू मात्र धक्क्याने सैल होतो. 25 काडतुसांचा डबा संपला की हाताने तपासावा.

गंजाच्या बाबतीत स्वस्त फिनिश हरतं. मॅट पृष्ठभागाच्या सूक्ष्म खळग्यांत ओल आणि घाम टिकतो, बोटांचे ठसे एका दमट रात्रीत तांबूस होऊ शकतात. वापरानंतर लगेच तेलाचं फडकं फिरवणं इथे ऐच्छिक नाही. मॅगझिनची नळी आतूनही बघायची. 500 मध्ये आणि सहा काडतुसांच्या मॅव्हरिकमध्ये ती पुढून बंद असते, स्प्रिंग काढायला मॅगझिनची अख्खी नळी रिसीव्हरमधून फिरवून काढावी लागते. मॉसबर्गच्याच 590 मध्ये पुढे टोपण आहे, साफसफाई मिनिटाची.

मग जास्त पैसे कधी मोजावेत? मॉसबर्ग 590A1 मध्ये जाड नळी, धातूचं ट्रिगर गार्ड आणि धातूची सेफ्टी मिळते. गन गाडीत आदळत, पावसात, इतरांच्या हातून फिरत असेल तर ते भाग पैसे वसूल करतात. महिन्यातून एखाद-दोन डबे मातीच्या चकत्यांवर उडवणाऱ्याला त्याचं फक्त वजन जाणवेल. त्याने तो फरक चांगल्या काडतुसांवर खर्च करावा.

870 ची नक्कल असलेल्या चिनी गनबद्दल आमचं मत वेगळं आहे. त्यांची मूळ रचना चांगली, स्टीलचा रिसीव्हर जड आणि दणकट. अडचण सुट्या भागांची. 870 च्या काही नळ्या थेट बसतात, काही घासाव्या लागतात, आणि लहान भाग जुळेलच याची खात्री नाही. अशी गन घेताना एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग आणि फायरिंग पिन त्याच दुकानातून सोबत घ्या. ते मिळत नसतील तर मॅव्हरिक घ्या.

घेण्याआधी दुकानात पाच डमी (बार न होणारी) काडतुसं मागा. मॅगझिन भरा, जोरात एकदा आणि मुद्दाम हळू एकदा पूर्ण फेरी करा. हळू ओढल्यावरही प्रत्येक डमी बाहेर पडली पाहिजे आणि एका वेळी एकच वर आली पाहिजे. मग नळी काढून चेंबरमध्ये उजेड टाका. नखाला लागतील अशा रेषा दिसल्या तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागवा.