सकाळचा फेरफटका की जेवणानंतरची शतपावली?

शुगर निघाली की पहिला सल्ला मिळतो तो 'रोज अर्धा तास चाला' हा. कधी चालायचं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग आपण बूट घेतो आणि पहाटेचा गजर लावतो. मीही तेच केलं होतं. आता मी रात्री जेवून ताटावरून उठलो की सरळ गच्चीवर जातो. दोन्ही करून पाहिल्यावर जे वाटलं ते इथे लिहितोय. हे टाइप २ मधुमेहाबद्दल आहे.

आधी जेवणानंतरच्या साखरेचं बघू, कारण खरा फरक तिथेच पडतो. पोळी-भात पोटात गेला की तास-दीड तासात रक्तातली साखर शिगेला पोचते. नेमके त्याच वेळी पाय हलत असतील तर मांडीचे, पोटऱ्यांचे स्नायू ती साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप २च्या ४१ जणांवर हे तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. दिवसातून एकदा सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे साडेनऊला जेवायचं, दहाला आडवं व्हायचं. त्यामुळे हा दुसरा आकडा आपल्यासाठीच काढल्यासारखा वाटतो.

'शतपावली' या शब्दाने मात्र थोडा घोळ होतो. शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा मिनिटांची हजारपावली धरा.

सकाळच्या फेरफटक्याची बाजू वेगळी आहे. दम वाढवायचा असेल, वजन उतरवायचं असेल, तर सलग अर्धा तास झपझप चालायला पर्याय नाही. भरल्या पोटी तसं चालवतही नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटांचा हिशेबही सकाळीच सहज जमतो. पण उपाशीपोटी चालून आल्यावर साखर उलट थोडी चढलेली दिसली तर दचकू नका. पहाटे यकृत आपणहून साखर सोडत असतं. आणि चालून झाल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा-क्रीमरोल होत असेल, तर या सकाळच्या चालण्यातून काय मिळवलं ते ज्याचं त्याने ठरवावं.

साखर उतरण्याचा धोका कुणाला? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी लांब जाणं जपून. घाम फुटला, हात थरथरले, बोट टोचून साखर मोजायच्या मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पुडी खिशातच हवी, घरच्या डब्यात नको. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असणाऱ्यांना ही भीती फार कमी. उलट जेवणानंतर चालताना छातीत भरून येत असेल तर चालणं थांबवून आधी हृदयाच्या डॉक्टरांना गाठा.

पावसाळ्यात सकाळचं चालणं हमखास बुडतं; शतपावली घरातल्या पॅसेजमध्येही होते. फक्त अनवाणी नको. पायाची संवेदना कमी झाली असेल तर टोचलेलं कळतसुद्धा नाही.

माझं मत विचाराल तर, एकच जमणार असेल तर रात्रीची शतपावली. वजन जास्त असेल तर सकाळचं चालणं सोडू नका, फक्त त्यातली दहा मिनिटं रात्रीकडे वळवा.

पटत नसेल तर मीटरच्या सहा स्ट्रिप खर्च करा. नेहमीचंच जेवण, तीन रात्री चालून आणि तीन रात्री बसून. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी बोट टोचायचं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. बहुतेकांसाठी तो १८० च्या आत असावा असं धरतात. पुढच्या तपासणीला त्या पानाचा फोटो डॉक्टरांना दाखवा. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची असेल तर ती तेच बदलतील.