प्रोग्रेसिव्ह चष्मा: रेघ वाकडी की नजर?

खानापुरात शिवणकाम करते. पंचावन्न पार झाले, सुईत दोरा जाईना, म्हणून बेळगावातल्या एका दुकानातून प्रोग्रेसिव्ह चष्मा केला. फ्रेमसकट ७,२०० रुपये. वर लांबचं, मधे हातभर अंतराचं, खाली जवळचं. बाजूनं बघायचं नाही, मान वळवायची, सवयीला पंधरा दिवस लागतील, हे दुकानवाल्यानं नीट समजावलं.

पहिल्याच दिवशी बसची पायरी फुगलेली दिसली आणि पाय हवेत पडला. घरी ब्लाऊजपीसवर खडूनं रेघ मारली, ती धनुष्यासारखी. पट्टी लावून बघितली, तर पट्टीपण धनुष्य! दोघी एकमेकींना चिकटून वाकड्या. शेवटी डोळे मिटून पट्टीच्या कडेवरनं बोट फिरवलं. सरळच होती की.

मामंजी माळकरी. म्हणाले, "सांगत नव्हतो? सगळी माया."

"माया म्हणून गिऱ्हाइकाला वाकडा गळा देऊ काय?"

हसले. म्हणाले, शंकराचार्यांचा दोरीवरचा साप खोटा, पण साप दिसायला खाली दोरी लागतेच. आणि ज्ञानोबांनी चांगदेवाला लिहिलंय, सोनं सोनेपणाला उणं न येता दागिना होतं, तसं हे जग. हे मला पटलं. ब्लाऊज झाला म्हणून कापड कुठं जातंय?

मुलीनं वेगळंच सांगितलं. १८९० च्या दशकात स्ट्रॅटन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं जग उलटं दाखवणाऱ्या काचा आठवडाभर लावल्या होत्या, आणि हळूहळू त्याचे हात त्या उलट्या जगात सरावले. माझे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी रेघ सरळ. गंमत म्हणून जुना चष्मा घातला, तर आता तोच वाकडं दाखवतोय!

तक्रार एकच. काचा आधी खाली बसवल्या होत्या, वाचायला हनुवटी वर करावी लागायची. दुसऱ्या खेपेला चष्मा डोळ्यावर ठेवून पेनानं बुबुळाची खूण केली, काचा फुकट बदलून दिल्या. पहिल्यांदाच का केली नाही? बायकांना बस फुकट म्हणून बरं, पण कामाचे दोन दिवस बुडाले. (बसच्या पाटीवर बेळगावी, माझ्या तोंडात बेळगाव. उतरते त्याच स्टँडवर.)

पाचपैकी साडेतीन. सुईत दोरा ओवायला काच एक नंबर. आता मामंजींनाही पोथीसाठी असलाच पाहिजे म्हणे. त्यांना मी साधा जवळचाच करा म्हटलंय, हजाराच्या आत होतो.