शेवाळाचं 'नैसर्गिक' औषध म्हणून मोरचूद (तांब्याचा क्षार) विकलं; ३,९०० रुपये गेले, ॲक्सोलॉटलही गेला

निळं शेवाळनाशक कोणी विकत असेल तर घेऊ नका. ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, बाहेर कल्ले असलेला उभयचर) पाळणाऱ्यांनी तर अजिबात नाही.

मी वरुड-मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यातला. इथलं मे महिन्याचं ऊन काय असतं ते सांगायला नको. बर्फाच्या बाटल्या सोडून टाकीचं पाणी १८ ते २० अंशांवर ठेवायचो, पण खिडकीच्या उजेडानं काचा हिरव्यागार झाल्या. इन्स्टाग्रामवरच्या एकानं 'उभयचरांना सुरक्षित' म्हणत बाटली गळ्यात मारली. बाटली १,४५०, कुरिअर १५०. मग "कोर्स अर्धवट सोडला तर शेवाळ दुप्पट येते" म्हणून पुढच्या बाटलीचे २,३०० आगाऊ घेतले. ती आलीच नाही. मला ब्लॉक केलं.

झाकण उघडलं तेव्हाच तो रंग दिसला होता. संत्र्यावर फवारायचं बुरशीनाशक बोर्डो मिश्रण करताना लहानपणापासून पाहिलेला मोरचुदाचा निळा! लेबलवर घटक नाहीत. मी विचारलंही. "खनिजं आहेत दादा, बिनधास्त टाका." टाकीचा पीएच, नायट्रेट, जनावराची लांबी सगळं विचारून घेणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? पोराचा जीव होता त्या जनावरावर. कल्ले झडले, कातडी सोलली, मेलं. उरलेल्या औषधात लोखंडी खिळा बुडवला, तर त्यावर तांब्याचा लाल थर. ॲक्सोलॉटलची कातडी आणि उघडे कल्ले पाण्यातलं तांबं थेट ओढतात.

शेवाळ हातानं घासा, जुना टूथब्रश पुरतो. उजेड कमी करा.

ठाण्यात गेलो तर "मासोळीसाठी रिपोर्ट?" मासोळी नाही, मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचा उभयचर आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर असे विदेशी प्राणी नोंदवतात, त्या नोंदणीचा कागदही दाखवला. मग म्हणे रक्कम लहान, जिल्ह्याला जा. जिल्ह्यावरून परत ठाण्यात. अर्ज घेतला, पोच नाही. लाख गेले तरच माणूस फसला म्हणायचं का? बोगस बियाण्याच्या वेळीही आम्हाला हेच ऐकवतात, पुरावा आणा, वर जा, नंतर या. आणि तो माणूस नव्या नंबरवरून तीच बाटली विकतोय!

पैसे गेले की लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर नको. आणि शेवाळ वाढू नये म्हणून टाकीतलं उरलेलं खाणं त्याच दिवशी काढा, आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन घालवलेलंच. शेवाळ खाणारा प्लेको मासा सोडायला सांगतील, सोडू नका; तो ॲक्सोलॉटलच्या अंगाला चिकटून कातडी खरवडतो.

माझ्याकडे चॅट, यूपीआयच्या पावत्या आणि अर्धी बाटली आहे. याच बाटलीनं कोणाचं जनावर गेलं असेल तर कळवा, एकत्र तक्रार करू.