घर देखणं आहे, पण आधी पागेत शिरा

विकायला काढलेल्या या घोड्यांच्या मळ्याची जाहिरात मोठ्या घराच्या फोटोंनीच भरलेली आहे, आणि दलालही आधी तिथेच नेतो. उंच छत, रुंद ओसरी, खिडकीतून दिसणारं कुरण. घर चांगलं आहे, एवढं बोलून मी पुढे जाते.

पागा आठ थानांची, म्हणजे आठ घोडे वेगवेगळे बांधायच्या आठ खणांची. प्रत्येक थान बारा बाय बारा फुटांचं, म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याला लोळून सहज उठता येईल इतकं. विणाऱ्या घोडीला मात्र याहून ऐसपैस जागा लागते, तशी इथे एकही नाही. मधला बोळ रुंद, दारं सरकती. ज्याने बांधलं त्याला घोडे कळत होते. नंतर कुणीतरी छताखालचे झरोके बुजवलेत, बहुधा टापटीप दिसावं म्हणून. दारातच मुताचा उग्र दर्प नाकात चढतो. मला तो उभ्याने जाणवला. घोडा तर रात्रभर खाली मान घालून त्याच हवेत चरतो. त्या दर्पातल्या अमोनियाने त्याची श्वसननलिका खराब होते, मग खोकला हटत नाही. झरोके उघडता येतील. वाळलं गवत थेट पागेवरच्या माळ्यावर रचलंय ते मला जास्त खुपलं. ओलसर राहिलेलं गवत आतल्या आत तापून पेट घेतं. त्याला वेगळी कोठी हवी, तीही लांब.

घोडा फिरवायचं रिंगण वीस बाय चाळीस मीटरचं. टाचेने उकरलं तर वाळू घोट्याच्या वर. अशा वाळूत रपेट केली की घोड्याच्या पायांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, दुखावल्याच म्हणून समजा.

जमीन वीस एकर सांगतात. उताराखालचा पट्टा दलदलीचा आहे, तो मी कुरणात धरणार नाही. ओल्यात उभं राहून खूर सडतात. एका घोड्याला दीड-दोन एकर चांगलं कुरण धरलं, तर उरलेल्या जमिनीवर आठ घोडे ओढूनताणूनच जगतील, चारा विकत घ्यावाच लागेल. कुंपणाला काटेरी तार आहे. बिथरलेला घोडा तारेला थांबत नाही, तिच्यात अडकतो. आणि पाण्याच्या हौदाला लागून कण्हेर! "शोभेला लावलीय," दलाल म्हणाला. कण्हेरीची थोडी पानंही घोड्याचा जीव घेतात आणि वाळली तरी विष जात नाही. मुळासकट उपटा.

विहिरीचं तर बोलायलाच हवं. एक घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि वीसेक किलो लीद टाकतो. इथे लिदीचा ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. पाणी तपासून घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

मला आवडलं ते दुसरं, छोटं घर, ज्याचा फोटो जाहिरातीत नाही. मोतद्दाराचं, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याचं. छप्पर गळतं, पण त्याची खिडकी पागेकडे उघडते. रात्री एखाद्या घोड्याला पोटशूळ उठून तो लाथा झाडू लागला तर पहिल्या आवाजाला माणूस जागा होईल. डागडुजीला मी इथूनच सुरुवात केली असती.

चार घोडे असणाऱ्याने ही जागा जरूर बघावी. आठ ठेवायचे असतील तर दुसरीकडे शोधा. घेणारच असाल तर कुंपण आणि कोठीचा खर्च किमतीतून वजा करून मागा, आणि मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी खालचा पट्टा पुन्हा चालून या.