अँटी-एचबीएस टायटर: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या लॅबचा दोन वेळचा अनुभव

मी डायलिसिस युनिटमध्ये स्टाफ नर्स आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटचं मशीन आमच्याकडे वेगळं असतं, कारण हा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान 7 दिवस टिकतो. नोकरीला लागताना त्याच्या लसीचे 0, 1 आणि 6 महिन्यांचे तिन्ही डोस मी घेतले होते. ते अंगी लागले का, हे बारा वर्षांत कधी बघितलंच नाही. यंदा इनचार्ज सिस्टरांनी सगळ्यांचा टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिपिंडं (अँटी-एचबीएस) तयार झाली त्याचा आकडा, मागितला.

आधी घराजवळच्या एका कलेक्शन सेंटरवर गेले. चिठ्ठीवर ‘अँटी-एचबीएस’ स्वच्छ लिहिलेलं असताना त्यांनी ‘एचबीएसएजी’ करून दिली. ती संसर्ग आहे का ते सांगते. लसीचं काही सांगत नाही. आमच्यातली एक ज्युनिअर असाच कागद घेऊन खूश होती, ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून. तिला समजावून सांगितलं, बाई, ही निगेटिव्हच हवी, पण अँटी-एचबीएस 10 च्या वर हवं.

मग नाईट उतरून थेट राजारामपुरी गाठली. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचून विचारलं, “ताई, लसीचा टायटर बघायचाय ना? आकड्यात रिपोर्ट पाहिजे?” तिथंच माझा जीव भांड्यात पडला. उपाशीपोटी यायची गरज नव्हती, तेही तिनेच सांगितलं.

रक्त घेणारा पोरगा हाताचा हलका. पण मी बघत होते ते दुसरंच. सुईचं पाकीट त्याने माझ्यासमोर फोडलं, नाव माझ्याकडून वदवून घेतलं, ट्यूबवर लेबल तिथंच लावलं, आणि सुईला परत टोपण न घालता ती सरळ पांढऱ्या डब्यात टाकली. टोपण घालतानाच किती जणींना सुई टोचलेली मी पाहिली आहे! या एका गोष्टीसाठी मी लॅबला पूर्ण मार्क देते.

संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आला: 6.2. पोटात गोळाच आला. फोन केला तर पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बोलल्या. लस घेऊन बरीच वर्षं झाली की आकडा उतरतो, पण शरीराची आठवण बहुधा शाबूत असते. एक डोस घ्या आणि महिन्याने परत या, म्हणाल्या. तरीही 10 च्या खाली राहिला तर उरलेले दोन डोस घेऊन पुन्हा तपासायचं. काही जणांना लस लागूच पडत नाही, आणि अशा माणसाला पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, म्हणून आपला आकडा आधी माहीत असावा, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. गर्दीच्या वेळेला दहा मिनिटं दिली त्यांनी.

महिन्याने परत गेले. या वेळी आकडा 412. घरी येऊन आईला सांगितलं तर तिला आकड्याचं काही कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून तिने देवापुढे साखर ठेवली.

तक्रार दोनच. जिना उभा आहे, लिफ्ट नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका. आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. मी दुसऱ्या वेळी केएमटीच्या बसनेच गेले.