हायड्रोजन किट, सर्व्हिसिंग की वीज? लहान पेट्रोल इंजिन असलेल्यांसाठी तुलना

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यापासून स्कूटरचे ॲव्हरेज घसरल्याची तक्रार गोव्यातल्या डिचोली-फोंड्याकडच्या गॅरेजांत नेहमीची झाली आहे. ती निराधार नाही, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. या तक्रारीपाठोपाठ पाण्यापासून हायड्रोजन बनवून इंजिनात सोडणारे किट बसवावे का, हा प्रश्नही आता विचारला जातो. दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेत दिवसभर फिरणारा मोटारसायकल पायलट, कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) पेट्रोलवरचा पंप चालवणारा बागायतदार आणि पावसाळ्यात वीज गेली की दोरी ओढून जनरेटर सुरू करणारा दुकानदार या तिघांपुढेही तो आहे. त्याच पैशात नीट सर्व्हिसिंग करून घेता येते, किंवा शक्य तिथे पेट्रोल सोडून विजेकडे वळता येते. त्यामुळे तिन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवूनच निर्णय घ्यायला हवा.

किटची रचना साधी असते. एका बरणीत स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या असतात, त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा क्षार मिसळलेले शुद्ध पाणी असते, आणि बॅटरीची वीज सोडली की हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे मिश्रण तयार होऊन नळीवाटे एअर फिल्टरमागे जाते. एक लिटर पाण्यापासून सुमारे १,८६० लिटर वायू मिळतो, आणि हा आकडा ऐकला की गिऱ्हाईक निम्मे पटलेले असते. मात्र त्या वायूत ऊर्जा किती आणि ती कुठून आली, हे कोणी सांगत नाही.

बारा व्होल्टवर दहा अँपिअर, म्हणजे १२० वॅट वीज दिली, तर सहा कप्प्यांच्या चांगल्या बरणीतून मिनिटाला साधारण ०.६ लिटर मिश्रण निघते, आणि त्यातील हायड्रोजनची उष्णता जेमतेम ७५ वॅट भरते. ताशी ४० किलोमीटरने जाणारी, लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर त्याच वेळी सुमारे ८,००० वॅटचे पेट्रोल जाळत असते. ही वीज फुकट मिळाली असे धरले, तरी भर एक टक्क्याचीही होत नाही. मुळात ती फुकट नसते. इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी आणते आणि गाडीतला वीज बनवणारा जनरेटर त्यातलाही जवळपास निम्मा गमावतो, त्यामुळे १२० वॅट विजेसाठी ९०० वॅटच्या आसपास पेट्रोल खर्ची पडते आणि हाती ७५ वॅट लागतात. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा सतत चालू असतो, त्यामुळे लहान स्कूटरच्या विजेत एवढी शिल्लक क्वचितच उरते.

विक्रेत्यांचे यावर उत्तर तयार असते: हायड्रोजन इंधन म्हणून नव्हे, तर पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी घालायचा. हायड्रोजनची ज्योत पेट्रोलपेक्षा कितीतरी वेगाने पसरते हे खरे आहे. परंतु सुस्थितीतल्या इंजिनात पेट्रोल ९५ टक्क्यांहून अधिक जळलेलेच असते. खरी गळती सायलेन्सरमधून आणि सिलिंडरच्या भिंतींतून जाणाऱ्या उष्णतेची असते, आणि ती हायड्रोजनने थांबत नाही. हायड्रोजनचा उपयोग व्हायचा तर त्याचे प्रमाण मोठे हवे. दिल्लीत २०२० साली ५० बसगाड्यांवर हायड्रोजनमिश्रित सीएनजीची चाचणी सुरू झाली, तेव्हा मिश्रणात १८ टक्के हायड्रोजन होता आणि तो गाडीवर नव्हे, डेपोत तयार होत होता.

मग काहींना फरक का जाणवतो? किट बसवताना मेकॅनिक बहुधा प्लग बदलतो, फिल्टर साफ करतो आणि कार्बोरेटरचे मिश्रण पातळ करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी करतो, आणि किट बसवल्यावर मालकही जरा जपून ॲक्सिलरेटर देतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर बाहेरून आलेला ऑक्सिजन पाहून धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर उलट जास्त पेट्रोल सोडायला लावतो. म्हणून काही किटांसोबत सेन्सरला फसवणारा सर्किट बोर्डही विकला जातो. त्यामुळे होणारी बचत मिश्रण पातळ केल्याची असते, आणि त्याची किंमत तापलेले इंजिन मोजते.

सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात मी अशी बरणी जवळून पाहिली आहे. पाणी विहिरीच्या गाळासारखे तपकिरी झाले होते, तळाशी चिखल बसला होता, आणि पाणी तापत गेले तसा करंट वाढत जाऊन फ्यूज दोनदा उडाला. तो तपकिरी रंग झिजणाऱ्या पोलादाचा असतो आणि त्यात विषारी क्रोमियम असू शकते, त्यामुळे ते पाणी पोफळीच्या पाटात ओतू नये. वायूबरोबर उडणारे क्षाराचे तुषार ॲल्युमिनियम खातात, आणि कार्बोरेटर व पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात. हायड्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण बरणीतही पेटू शकते; बॅकफायर झाल्यास ज्योत नळीतून मागे येते, म्हणून ती ज्योत अडवणारे पाण्याचे भांडे, म्हणजे बबलर, मध्ये नसलेले किट तर हातीही धरू नये. रस्त्यावरच्या गाडीसाठी कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

सर्व्हिसिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टायरची हवा, घासणारे ब्रेक, पावसाळ्यात ओलसर झालेला एअर फिल्टर आणि प्लगमधले अंतर पाहून घेतले, तर किटच्या किमतीचा लहानसा भाग खर्चून गेलेले ॲव्हरेज बरेचसे परत येते.

विजेचा पर्याय मात्र वेगळ्याच पातळीवरचा आहे. विजेवरची स्कूटर १०० किलोमीटरला साधारण तीन युनिट घेते. तेवढ्याच अंतराला पेट्रोल दोन लिटरांहून जास्त लागते. पायलटने बॅटरीची वॉरंटी आणि दिवसाचे किलोमीटर मांडून हा हिशेब जरूर करावा. कुळागरात कनेक्शन असेल, तर एक अश्वशक्तीचा विजेचा पंप तासाला एका युनिटच्या आसपास खातो आणि पेट्रोलवरच्या पंपाचा प्रश्नच मिटतो. कनेक्शन दूर असेल, तर पेट्रोलचा पंप तसाच ठेवावा, आणि पाऊस सुरू होताना त्याची टाकी व कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि दिवाळीनंतर दोरी ओढली की इंजिन सुरू होत नाही.